ग्रह म्हणजे नक्की काय? गच्चीवर आणि घाटात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा सरला की आम्ही चार-पाच जण सहा इंची दुर्बीण गाडीत टाकतो आणि साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला एखादी अंधारी जागा धरतो. कधी घाट नको वाटला तर आमच्या गच्चीवरच. येणाऱ्यांत शाळेची पोरं असतात, त्यांचे आईवडील असतात, शेजारच्या आजीही असतात. शनीची कडी बघून "अगंबाई" म्हणून झालं की विषय हमखास प्लूटोवर येतो आणि मग दुर्बीण राहते बाजूला. तेच तेच प्रश्न इतक्या वेळा आले की उत्तरं एकदाची लिहून ठेवावीत म्हटलं.

ग्रह किती? आठ की नऊ?

आठ. बुध, शुक्र, पृथ्वी, मंगळ, गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून. प्लूटोला ग्रहांच्या यादीतून काढलं तेव्हापासून, म्हणजे २४ ऑगस्ट २००६ पासून, हा आकडा आहे.

पण "नऊ" म्हणणारे लोक दोन जातींचे असतात आणि त्यांची आपसात गल्लत होते. पंचांगातले नऊ वेगळे, आमच्या वेळच्या शाळेतले नऊ वेगळे. बुध, शुक्र, मंगळ, गुरू, शनी हे पाच दोन्हीकडे सारखे. पुढचे चार मात्र एकदम निराळे. पंचांगात रवी, चंद्र, राहू, केतू. शाळेत पृथ्वी, युरेनस, नेपच्यून, प्लूटो. आकडा नऊच आला हा निव्वळ योगायोग. त्यामुळे "आपल्या पूर्वजांना नऊ ग्रह माहीत होतेच की" असं कुणी म्हणालं, तर त्यांना नऊची यादी म्हणून दाखवायला सांगावं.

'ग्रह' या शब्दाचा मूळ अर्थ काय?

संस्कृतात ग्रह् म्हणजे धरणे, पकडणे. ग्रहण, संग्रह, आग्रह, पाणिग्रहण ही सगळी त्याच घरातली मंडळी. इंग्रजी पुस्तकांत ग्रहासाठी जो शब्द येतो तो ग्रीक आहे, आणि त्याचा अर्थ भटक्या. मला हा फरक फार आवडतो. ग्रीकांनी बघितलं की हे ठिपके काय करतात: इतर तारे आपापली जागा धरून असतात, हे मात्र फिरतात. आपल्या शब्दाचं लक्ष ते *आपल्याला* काय करतात याकडे. धरतात. राहूने चंद्राला धरलं की ग्रहण, शनीने माणसाला धरलं की साडेसाती.

मराठीत आणखी एक अर्थ आहेच. "माझ्याबद्दल भलता ग्रह करून घेऊ नका." मनाने एखादी गोष्ट घट्ट धरून ठेवली की तो ग्रह. प्लूटोच्या भानगडीत लोक चिडतात ते बहुतेक या तिसऱ्या अर्थाच्या ग्रहामुळे.

"आरं, चंद्र ग्रह न्हाई तर मग सोमवार कुणाचा?"

हा प्रश्न आमच्या शेजारच्या आजींचा, आणि मला आजवर विचारल्या गेलेल्या प्रश्नांत हा सगळ्यात अचूक.

आजी, सोमवार चंद्राचाच. ज्या काळी वार ठरले त्या काळी ग्रहाची कसोटी साधी होती: ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर जे सरकतं ते ग्रह. नुसत्या डोळ्यांनी असे सातच दिसतात. सूर्य सरकतो, वर्षभरात बाराही राशी फिरून येतो. चंद्र तर रोज रात्री दुसऱ्याच नक्षत्रात. म्हणजे त्या कसोटीवर दोघंही पहिल्या श्रेणीत पास. त्यात चूक काहीच नव्हती.

आता वारांचा क्रम बघा, तो का तसा आहे हे फारसं कुणी सांगत नाही. सगळ्यात सावकाश चालणाऱ्यापासून सुरू करून वेगाप्रमाणे सातजण ओळीत लावा: शनी, गुरू, मंगळ, रवी, शुक्र, बुध, चंद्र. दिवसाचे चोवीस तास, म्हणजे होरा, या क्रमाने एकेकाला वाटत जायचे. ज्याच्याकडे दिवसाचा पहिला होरा येतो, त्याचा तो वार. शनीपासून सुरुवात केली तर चोवीस होरे वाटून पंचविसावा येतो रवीकडे. शनिवारनंतर रविवार. रवीपासून तसंच मोजा, चंद्र येतो. सोमवार. बोटांवर मोजून बघा, आठवडा बरोबर जुळतो. मी पहिल्यांदा मोजलं तेव्हा एसटीत बसलो होतो आणि शेजारचा माणूस माझ्या बोटांकडे संशयाने बघत होता.

आमच्या साताऱ्याला तर हे सात ग्रह रस्त्यावरच भेटतात. सोमवार पेठ, मंगळवार पेठ, बुधवार, गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार. रिक्षावाल्याला "शनिवारात चला" म्हटलं की तो राशी विचारत नाही. पण युरेनसची पेठ नाही, नेपच्यूनचा नाका नाही. ते दोघं गावात फार उशिरा राहायला आले, तोवर पेठा वाटून झाल्या होत्या.

राहू-केतू दिसतात का?

नाही. त्या वस्तू नाहीत, त्या जागा आहेत. सूर्य आकाशात ज्या वाटेने सरकताना दिसतो ती एक वाट, चंद्राची दुसरी, आणि दोन्हींमध्ये पाच अंशांचा तिरकसपणा. या वाटा जिथे एकमेकींना छेदतात ते दोन बिंदू म्हणजे राहू आणि केतू. अमावास्या किंवा पौर्णिमा या बिंदूंच्या जवळ घडली तरच ग्रहण लागतं. हे बिंदूही उलट दिशेने सरकत असतात, त्यांचा एक फेरा साधारण १८.६ वर्षांचा. सरकतात म्हणून ग्रह, धरतात म्हणूनही ग्रह. गणिताच्या दृष्टीने ही कल्पना अतिशय हुशारीची आहे, फक्त तिच्यावर दुर्बीण रोखता येत नाही.

मग पृथ्वी ग्रह कधी झाली?

माझ्या मते 'ग्रह' शब्दाच्या आयुष्यातला खरा भूकंप हा. प्लूटोचं प्रकरण त्यापुढे किरकोळ.

नवग्रहांच्या यादीत पृथ्वी नाही, कारण पृथ्वी म्हणजे आपण जिथे उभं राहून बघतो ती जागा. बघणारा स्वतःला मोजत नाही. इसवी सन ४९९ मध्ये आर्यभटाने पृथ्वी स्वतःभोवती फिरते असं मांडलं आणि दाखला दिला नावेतल्या माणसाचा: नाव पुढे जाते, माणसाला काठावरची झाडं मागे पळताना दिसतात. पण ती सूर्याभोवती फिरते हे मांडून सगळी घडी मोडणारं पुस्तक आलं १५४३ मध्ये, कोपर्निकसचं. त्यानंतर ग्रहाची कसोटीच बदलली. "आकाशात सरकतो तो" याऐवजी "सूर्याभोवती फिरतो तो". या एका वाक्याने सूर्याचं नाव कमी झालं, चंद्राचं कमी झालं आणि आपण सगळे एका ग्रहावर राहायला गेलो. घर न बदलता.

गुरूच्या चंद्रांनाही कधी ग्रह म्हणत होते, खरं का?

हो. जानेवारी १६१० मध्ये गॅलिलिओला गुरूभोवतीचे चार ठिपके दिसले तेव्हा त्याने त्यांना ग्रहच म्हटलं. उपग्रह ही वेगळी जात आहे हे पक्कं व्हायला पुढे बराच काळ गेला. आणि आकाराने म्हणाल तर त्या चारांतला गॅनिमीड बुधापेक्षा मोठा आहे: तो ५,२६८ किलोमीटर, बुध ४,८७९. तरी बुध ग्रह आणि गॅनिमीड उपग्रह, कारण एक सूर्याभोवती फिरतो, दुसरा गुरूभोवती. हे चारही साध्या दुर्बिणीतून दिसतात. आमच्याकडे या, दाखवतो.

हर्षल म्हणजे कोण? आमच्या पंचांगात आहे.

युरेनस. १३ मार्च १७८१ ला इंग्लंडमधल्या बाथ गावी विल्यम हर्शेलने घरच्या बागेतून, स्वतः बनवलेल्या दुर्बिणीतून तो पाहिला. हर्शेल पेशाने संगीतकार. त्याला आधी तो धूमकेतू वाटला. सूर्याभोवतीची फेरी ८४ वर्षांची आहे हे कळायला गणित करावं लागलं, आणि शनीच्या पलीकडेही ग्रह असू शकतो ही गोष्ट माणसाला पहिल्यांदाच कळली.

शोधणाऱ्याचं नाव तिकडे फार काळ टिकलं नाही, मराठी पंचांगाने मात्र ते हर्षल करून कायमचं ठेवून घेतलं. आपल्याकडच्या 'हर्षल' नावाच्या मुलांचा याच्याशी संबंध नाही, ते हर्षातून आले. पण एक हर्षल यवतेश्वरला आला होता, त्याला हे सांगितल्यावर तो रात्रभर युरेनसच बघत बसला. निळसर-हिरवा टिकलीएवढा ठिपका, त्यात बघण्यासारखं तसं काही नसतं.

प्लूटोच्या आधी कुठला ग्रह "काढला" होता का?

चार काढले होते. आणि ही गोष्ट प्लूटोच्या गोष्टीपेक्षा जास्त लोकांना माहीत असायला हवी, म्हणून इथे जरा पाय पसरून सांगतो.

मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये अंतर फार मोठं आहे, तिथे एखादा ग्रह असायला हवा असं अठराव्या शतकातल्या लोकांना वाटत होतं. १ जानेवारी १८०१ च्या रात्री सिसिलीतल्या पालेर्मोला पियाझ्झी नावाच्या धर्मगुरूला ताऱ्यांच्या नोंदी करताना एक ठिपका सापडला, जो दुसऱ्या रात्री थोडा हललेला होता. तो आजारी पडेपर्यंत काही आठवडे त्याने नोंदी ठेवल्या, मग ठिपका सूर्याच्या उजेडात हरवला. हरवलेला ग्रह शोधायचा कसा? गाउस नावाच्या चोवीस वर्षांच्या पोराने त्या थोड्याशा नोंदींवरून कक्षेचं गणित केलं आणि वर्ष संपता संपता, ३१ डिसेंबरला, तो सांगितल्या जागी परत सापडला. हा सेरेस.

सगळे खूश. ग्रह मिळाला. पण १८०२ मध्ये त्याच भागात पॅलस सापडला. १८०४ मध्ये जुनो. १८०७ मध्ये व्हेस्टा. लोकांनी चौघांनाही ग्रह म्हणून घेतलं. १८४० च्या सुमाराची पुस्तकं उघडली तर ग्रह अकरा आहेत. त्या काळी शिकलेल्या माणसाला कुणी "आठ" म्हटलं असतं तर त्याने आपल्यासारखंच तोंड वाकडं केलं असतं.

मग १८४५ पासून पुन्हा सापडायला लागले, आणि थांबेचनात. दहा, पंधरा, वीस. यादी एवढी वाढली की ग्रह या शब्दाला काही किंमत राहीना. तेव्हा १८५० च्या आगेमागे हळूहळू, कुठलंही मतदान न होता, या सगळ्यांना वेगळं काढून लघुग्रह म्हणायला सुरुवात झाली. सेरेस जवळपास पन्नास वर्षं ग्रह होता. त्याच्यासाठी कुणी मोर्चा काढल्याचं ऐकिवात नाही.

नेपच्यून कागदावर सापडला म्हणतात ते कसं?

युरेनस गणिताप्रमाणे चालत नव्हता, थोडा भरकटत होता. फ्रान्समध्ये ले व्हेरिएने हिशेब मांडला की बाहेरून कुणीतरी त्याला ओढतंय, आणि ते कुठे असेल हेही सांगितलं. पत्र बर्लिनला पोचलं त्याच रात्री, २३ सप्टेंबर १८४६ ला, गालेने दुर्बीण लावली आणि सांगितल्या जागेपासून एक अंशाच्या आत नेपच्यून मिळाला. इंग्लंडमध्ये अ‍ॅडम्सही तेच गणित करत होता, त्यावरून पुढे दोन देशांत जुंपली ती वेगळी.

याच ले व्हेरिएने पुढे बुधाच्या चालीतला फरक बघून सूर्याजवळ आणखी एक ग्रह असणार म्हणून १८५९ मध्ये सांगितलं. त्याचं नावही ठेवून झालं, व्हल्कन. तो कधीच सापडला नाही, कारण तो नव्हताच. बुधाच्या चालीचं कोडं १९१५ मध्ये आइन्स्टाइनने सोडवलं. एकदा लागलेला मटका दुसऱ्यांदा लागेलच असं नाही.

प्लूटो कुणी शोधला? आपल्या माणसाने आधीच सांगितला होता असं वाचलंय.

१८ फेब्रुवारी १९३० ला अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात, लॉवेल वेधशाळेत, क्लाइड टॉमबॉने. वय चोवीस, शेतकऱ्याचा मुलगा. काही दिवसांच्या अंतराने काढलेल्या दोन फोटोंच्या काचा आलटून पालटून बघत बसायचं आणि हजारो ठिपक्यांतला कुठला हलला ते शोधायचं, हे त्याचं काम. निवडायला दिलेले तांदूळ बरे. नाव सुचवलं ऑक्सफर्डच्या अकरा वर्षांच्या एका मुलीने, व्हेनेशिया बर्नीने.

आता आपला माणूस. व्यंकटेश बापूजी केतकर हे मोठे गणिती आणि पंचांगकर्ते. त्यांनी १९११ मध्ये फ्रान्समधल्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत नेपच्यूनपलीकडच्या दोन ग्रहांचं भाकीत छापलं होतं, नावं दिली होती ब्रह्मा आणि विष्णू. त्यातल्या पहिल्याचा फेरा त्यांनी सुमारे २४२ वर्षांचा काढला. प्लूटोचा आहे २४८. आकडे वाचून अंगावर काटा येतो, मलाही आला होता. पण प्लूटो इतका हलका आहे की त्याच्या ओढीने कुणाचीही चाल मोजण्याइतकी बदलू शकत नाही, त्यामुळे ती वेधशाळा काढणाऱ्या लॉवेलचं भाकीत काय आणि केतकरांचं काय, जवळ आलं ते योगायोगानेच. केतकरांचं मोठेपण त्यांच्या पंचांगाच्या गणितात आहे, त्यासाठी प्लूटोची गरज नाही. प्लूटो सापडला त्याच वर्षी ते वारले.

मग त्याला काढलं का? लहान होता म्हणून?

नुसतं लहान म्हणून नाही. सेरेसचं झालं तेच पुन्हा झालं म्हणून.

सुरुवातीला प्लूटो पृथ्वीच्या तोडीचा असेल असं धरून चालले होते. १९७८ मध्ये त्याचा चंद्र शॅरन सापडला, वजन काढता आलं, आणि तो आपल्या चंद्राच्याही एक पंचमांशापेक्षा हलका निघाला. तरीही त्याच्यासारखा दुसरा नव्हता तोवर चालून गेलं. १९९२ मध्ये जुइट आणि लू यांना नेपच्यूनपलीकडे आणखी एक पिंड सापडला. मग शेकडो. तो सगळा कायपरचा पट्टा. २००५ मध्ये माइक ब्राउन आणि त्याच्या सोबत्यांनी एरिस जाहीर केला, जो तेव्हा प्लूटोपेक्षा मोठा वाटला. आताच्या मापात तो किंचित लहान आहे पण वजनाने सव्वापटीहून जास्त. आता दोनच वाटा होत्या: एरिसला दहावा म्हणा आणि पुढे मोजत राहा, किंवा प्लूटोला भावंडांत नेऊन बसवा.

ऑगस्ट २००६ मध्ये प्रागला आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेची सभा होती. आधी आलेल्या मसुद्यात ग्रह बारा होते, त्यात सेरेस परत येणार होता, शॅरन आणि एरिसही. तो मसुदा पडला. शेवटी सूर्यमालेपुरत्या तीन अटी ठरल्या. ग्रहाने सूर्याभोवती फिरावं, स्वतःच्या वजनाने जवळपास गोल झालेलं असावं, आणि आपल्या कक्षेचा परिसर साफ केलेला असावा. पहिल्या दोन पाळणारा पण तिसरी न पाळणारा तो बटुग्रह. आज मान्य असलेले बटुग्रह पाच: सेरेस, प्लूटो, हौमिया, माकेमाके, एरिस. म्हणजे दीडशे वर्षांनी सेरेसला अर्धी बढती मिळाली, हे कुणी सांगत नाही.

गंमत अशी की प्लूटोकडे जाणारं न्यू होरायझन्स हे यान त्याच वर्षी जानेवारीत उडालं होतं. निघालं ग्रहाकडे, १४ जुलै २०१५ ला पोचलं बटुग्रहापाशी. यानात टॉमबॉच्या थोड्या अस्थी होत्या.

"परिसर साफ" म्हणजे काय?

शिवार आणि गायरान यातला फरक समजला की झालं. पृथ्वीची कक्षा हे पृथ्वीचं शिवार. तिथे बारीकसारीक दगड येतात-जातात, पण मालकी कुणाची याबद्दल वाद नाही. तिच्या पट्ट्यातलं बाकी सगळं किडूकमिडूक एकत्र केलं तरी पृथ्वी त्याच्या सुमारे सतरा लाख पट जड भरते. मंगळ-गुरूमधला पट्टा मात्र गायरान. तिथली सगळ्यात मोठी म्हैस सेरेस असेल, पण म्हैस मोठी म्हणून गायरान तिचं होत नाही. कायपरचा पट्टाही तसाच. प्लूटो त्याच्या पट्ट्यातल्या बाकीच्यांच्या एक दशांशही भरत नाही.

"पण प्लूटो नेपच्यूनची वाट ओलांडतो, मग नेपच्यूनने कुठे साफ केलं?" हा हुशार पोरांचा प्रश्न. १९७९ ते १९९९ प्लूटो खरोखरच नेपच्यूनपेक्षा सूर्याच्या जवळ होता. पण तो नेपच्यूनच्याच तालावर चालतो: नेपच्यूनच्या तीन फेऱ्या होतात तेव्हा याच्या बरोबर दोन. त्यामुळे गाठ कधी पडत नाही. मालक कोण ते यातूनच कळतं.

आणि गोल का व्हायला हवं?

लाडू वळताना हाताचा दाब पुरला नाही तर तो वाकडातिकडा राहतो. पिंडाला हात नसतात, स्वतःचं वजनच दाब देतं. सेरेस ९४० किलोमीटर, वळला गेला. बटाट्यासारखे दिसणारे छोटे लघुग्रह वळले गेले नाहीत.

सगळ्यांना ही व्याख्या मान्य आहे?

अजिबात नाही. मतदानाला सव्वाचारशेच्या आसपास लोक होते, जगातले बाकीचे हजारो खगोलशास्त्रज्ञ घरी. न्यू होरायझन्सचे प्रमुख अ‍ॅलन स्टर्न आजही या व्याख्येवर उघड टीका करतात. भूगर्भाचा अभ्यास करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं म्हणणं असं की पिंड कुठे फिरतो ते सोडा, त्याच्यावर काय चाललंय ते बघा. प्लूटोवर नायट्रोजनच्या बर्फाची मैदानं आहेत, डोंगर आहेत. हा निकष लावला तर आपला चंद्रसुद्धा ग्रह होतो आणि ग्रहांची संख्या शंभराच्या पुढे जाते. आजी खूश होतील.

माझं मत विचाराल तर तिसरी अट कल्पना म्हणून बरोबर आहे, शब्द म्हणून ढिसाळ. किती साफ म्हणजे साफ, ते लिहिलेलंच नाही. शिवाय अटीत "सूर्याभोवती" म्हटलंय, म्हणजे दुसऱ्या ताऱ्याभोवती फिरणारे काटेकोर अर्थाने यात बसतच नाहीत.

दुसऱ्या ताऱ्यांच्या ग्रहांचं काय मग?

त्यांच्यासाठी वेगळी कामचलाऊ व्याख्या आहे, वजन गुरूच्या सुमारे तेरा पटींच्या आत असावं वगैरे. आपल्या सूर्यासारख्या ताऱ्याभोवतीचा पहिला ग्रह १९९५ मध्ये मेयर आणि केलो यांनी शोधला, ५१ पेगासी बी. गुरूसारखा मोठा आणि चार दिवसांत ताऱ्याभोवती फेरी! दोघांना २०१९ चं नोबेल मिळालं. आता अशा ग्रहांची संख्या हजारांत आहे. त्यातल्या एकाचं नाव आपलं आहे: भारताच्या वाट्याला आलेल्या ताऱ्याला २०१९ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ बिभा चौधुरी यांच्यावरून 'बिभा' नाव मिळालं आणि त्याच्या ग्रहाला 'संतमस'. कुठल्याही ताऱ्याशी न बांधलेले, अंधारात एकटे फिरणारे ग्रहही आहेत. मूळ ग्रीक शब्दाला खरे जागतात ते हेच.

जुनी पुस्तकं मग चुकीची झाली का?

नाही हो. वाईला तयार झालेल्या मराठी विश्वकोशाच्या जुन्या खंडांत प्लूटो ग्रहच असणार, कारण ते २००६ च्या आधीचे आहेत. पुस्तकावरची तारीख बघायची सवय हवी, एवढंच.

ती नसली की काय होतं ते आमच्या घरात घडलंय. २००७ मध्ये भाची एका शालेय प्रश्नमंजूषेत होती. प्रश्न आला, ग्रह किती? तिने "आठ" सांगितलं, कारण मामाने घोकून घेतलं होतं. उत्तर चूक धरलं. परीक्षकांच्या हातात जुनं पुस्तक, त्यात नऊ. कंपासपेटी दुसऱ्या मुलाला गेली. तिने दोन दिवस माझ्याशी अबोला धरला, आणि मला प्रागच्या सभेपेक्षा तो जास्त लागला.

प्लूटो असा कितीसा लांब आणि कितीसा लहान?

राजवाड्यापाशी सूर्य म्हणून एक मोठी परात ठेवा, ४४ सेंटिमीटरची. आता पोवई नाक्याच्या दिशेने चालायला लागा. ४७ मीटरवर एक ज्वारीचा दाणा ठेवा, ही पृथ्वी. तिच्यापासून वीतभरही नाही अशा अंतरावर, बारा सेंटिमीटरवर, राजगिऱ्याचा दाणा, तो चंद्र. माणूस आजवर गेला तो एवढाच. २४५ मीटरवर लिंबू, गुरू. ४५० वर त्याहून जरा लहान लिंबू, शनी. नऊशे मीटरवर खेळायची गोटी, युरेनस. तशीच दुसरी गोटी १,४०० मीटरवर. आणि सरासरी १,८५० मीटरवर खसखशीचा एक दाणा. तो प्लूटो. परात आणि खसखस यांच्यामध्ये अख्खा राजपथ.

शाळेत आम्ही थर्माकोलची सूर्यमाला केली होती. शनीला आईची बांगडी, प्लूटोला साबुदाणा. मॉडेल अजून माळ्यावर आहे. साबुदाणा मुंग्यांनी प्रागच्या कितीतरी आधी नेला.

याने पत्रिकेत काही फरक पडतो का? साडेसातीचं काय?

पत्रिका खरी की खोटी यावर मी घाटात वाद घालत नाही, थंडी असते. माझं मत एवढंच की कुणाचं लग्न मंगळामुळे मोडू नये. पण पंचांगातला शनी आणि दुर्बिणीतला शनी एकच आहे का, याचं उत्तर हो. तो सूर्याभोवती साडेएकोणतीस वर्षांत फिरतो. बाराने भागा, एका राशीत अडीच वर्षं. आपली रास, आधीची आणि नंतरची, तीन अडीचकी साडेसात. साडेसाती हा आधी गुणाकार आहे, मग संकट.

गुरूचंही तसंच. त्याचा फेरा ११.८६ वर्षांचा, म्हणून कृष्णाकाठचं कन्यागत पर्व बारा वर्षांनी येतं. २०१६ मध्ये गुरू कन्या राशीत गेला तेव्हा वाईच्या घाटांवर न्हायला गर्दी होती. त्याच दिवसांत संध्याकाळी पश्चिमेला नुसत्या डोळ्यांनी गुरू दिसत होता. न्हाणाऱ्यांपैकी कितीजणांनी मान वर केली कुणास ठाऊक.

आकाशात ग्रह ओळखायचा कसा?

तारा लुकलुकतो, ग्रह शक्यतो स्थिर उजेडाचा असतो. सूर्य-चंद्र ज्या पट्ट्यातून जातात तिथेच शोधा, उत्तरेला ध्रुवाजवळ ग्रह कधीच मिळणार नाही. आणि पहाटे किंवा तिन्हीसांजेला डोळ्यात भरणारी, विमानाचा दिवा वाटावा अशी दिसली तर ती शुक्राची चांदणी. बघा, शुक्राला आपण अजूनही चांदणीच म्हणतो. त्याला ना प्रागची सभा बदलू शकली ना कोपर्निकस.

तुमच्या दुर्बिणीतून प्लूटो दाखवाल का?

नाही दिसणार. त्याला किमान दहा-बारा इंची दुर्बीण आणि चांगला काळोख लागतो, आमची सहा इंची. मीही तो डोळ्यांनी पाहिलेला नाही.

सेरेस मात्र दाखवतो, तो बेताचा लांब असेल त्या महिन्यांत साध्या द्विनेत्रीतूनही मिळतो. पण एका फेरीत काम होत नाही. पहिल्या रात्री तो आजूबाजूच्या ताऱ्यांसारखाच एक ठिपका असतो, कुठलं काय ते कळत नाही. वहीत त्या ठिपक्यांचं चित्र काढून घ्या, नीट, घाई न करता. मग चार दिवसांनी तीच वही घेऊन परत या. चित्रातला एक ठिपका जागेवर नसेल. स्वेटर आणा, घाटात वारं असतं.